आण्णा, तेवढं मत देऊ नका

पंचायतीची निवडणूक लागली की उमेदवार आमच्या गल्लीत घरोघरी हात जोडून मत मागत फिरतात. आण्णांच्या दारात आले की तेच हात जोडून म्हणतात, "आण्णा, तेवढं मला मत देऊ नका."

आण्णा म्हणजे आमचे शेजारी. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. निपाणीला लागूनच असलेल्या आमच्या गावाचा ठाम समज असा, की आण्णांनी ज्याला मत दिलं तो पडलाच. मत गुप्त असतं हे मी शाळेत नागरिकशास्त्रात शिकवतो, पण आण्णांच्या पोटात काही राहत नाही. बोटावरची शाई वाळायच्या आत चहाच्या गाड्यावर सांगून मोकळे होतात.

ते मत कशावरून देतात, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्याकडे मतं कशी पडतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भावकी बघायची, गल्ली बघायची, मराठी की कन्नड ते बघायचं, आणि आदल्या दिवशी जेवलो कुणाकडे तेही आठवायचं. आण्णा यातल्या कशातच बसत नाहीत. एकदा सख्ख्या चुलतभावाला सोडून त्यांनी वरच्या गल्लीतल्या मल्लाप्पाला मत दिलं. का, तर कन्नडमध्ये भाषण सुरू करून मराठीवर आलेला हा गडी मध्येच अडकला आणि माईक धरून नुसता हसत उभा राहिला.

"अडाकतोय म्हंजे पाठ करून आल्याला न्हाय," आण्णा म्हणाले.

मल्लाप्पा पडला. पुढच्या खेपेला बांधावरून ज्याच्याशी भांडण, त्यालाच दिलं. "भांडान बांधाचं हाय, मताचं न्हाय. माझा हिशेब सरळ हाय." तोही पडला. त्या सरळ हिशेबाने माझं डोकं मात्र गरगरायचं.

मागच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली. पाटलांची सून उभी राहिली, आणि तिच्यासमोर मागच्या गल्लीतली सुमन, विड्या वळणारी. मागच्या गल्लीत नळ आहे, पाणी नाही. बायका आमच्या गल्लीतून घागरी भरून नेतात. सुमनला तेवढं पाणी आपल्या गल्लीतल्या नळाला आणायचं होतं. बिचारी एकटीच दारोदार फिरत होती. माझ्याकडून निघाली तेव्हा मी हळूच म्हणालो, "आण्णांचं दार सोड."

"तेवढंच कशाला सोडू, मास्तर?" ती म्हणाली. "पडायचं आसंल तर पडीन."

आण्णा कट्ट्यावर बसले होते. सुमन समोर उभी राहून म्हणाली, "आण्णा, मत मलाच द्या बगा." आण्णांनी मागे वळून पाहिलं, ही दुसऱ्या कुणाशी बोलते की काय. मग लगबगीने आतून खुर्ची आणली, स्वतः चहा टाकला. ती गेल्यावरही खुर्ची दिवसभर तशीच बाहेर होती.

संध्याकाळी माझ्याकडे आले. "मास्तर, आता काय करू? बाई चांगली हाय, निवडून आली पायजे. मी मत दिलं तर पडंल."

"आण्णा, एका माणसाच्या मतानं असं काही होत नसतं."

"मग आजपातूर झालं ते काय?"



मतदानादिवशी आण्णा केंद्रातून बाहेर आले आणि चहाच्या गाड्याकडे न वळता थेट घरी गेले. मी काळजीने मागोमाग गेलो. दार पुढे ओढून घेत म्हणाले, "पाटलांच्या सुनंला दिलं. आता ती पडतीया बगा." इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना.

सुमन पडली. अगदी थोडक्यात पडली. आण्णांनी कुणाला दिलं, हे गावाला विचारावंही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन पाण्याला आली, आणि आण्णांच्या कट्ट्यापाशी थांबली. मी तिथेच बसलो होतो.

"आण्णा, तुमी मत दिलंसा म्हणूनच मी पडले म्हंत्यात समदी. म्हणू देत. तुमी दिलंसा, मला लई बरं वाटलं."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"व्हय. दिलं की," ते म्हणाले.

ती घागर भरून निघून गेली.  खाली बघतच आण्णांनी विचारलं, "मास्तर, खरंच दिलं आस्तं तर आली आस्ती का वो?"

 पोरांना इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला मी, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "छे, आण्णा. तुम्ही दिलं असतं तर डिपॉझिटसुद्धा गेलं असतं तिचं."