भिवराबाई हिचे नाव अभयकोठीत कैसे दाखल जाहले, त्याची हकिकत

श्री. वंदन असो त्या देवतेस, जी एकल्याचे दुखणे एकल्याने ऐकते. शके सोळाशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, एका राज्याची गादी अल्पवयी राजपुत्राचे नावे होती आणि कारभार त्यांच्या मातुश्री, ज्यांस अवघी रयत आईसाहेब म्हणे, त्या पडद्याआडोन पाहत होत्या. त्यांचे सासरे कैलासवासी महाराज यांनी रयतेवर कृपाळू होऊन अभयकोठी म्हणोन एक कोठी बांधिली होती, तिची रीत ऐसी की, सुगीस प्रत्येक घराने धान्याचा वाटा कोठीत घालावा, आणि मग त्या घरी कोणी आजारी पडिले तर राजधानीचे औषधशाळेत उपचार, औषध, पथ्य अवघे कोठीचे खर्चाने व्हावे. ऐसी सोय आसपासचे कोण्या मुलखी नव्हती आणि लोक दुवा देत. परंतु कोठीत नाव लिहीत ते घरच्या पुरुषाचे, आणि आई, बायको, लेकरे त्याच्या नावाखाली उभी राहत, आणि पुरुषाने दर पाडव्यास जातीने येऊन हजर म्हणावे, तरच घरावर कोठीचे छत्र चाले. नवरा मेला तर बायकोने देवीपुढे बांगड्या फोडून तशी शपथ वाहावी आणि विधवा म्हणोन निराळी दाखल व्हावी. पुरुष ना हजर ना मेला, ऐसे जाहले तर काय करावे, हे कोठेच लिहिले नव्हते, कारण लिहिणारांचे ते ध्यानीच आले नाही.

मग त्या राज्याची फौज दक्षिणेस मोहिमेवर गेली आणि तीत नागझरी गावचा खेमाजी शिलेदार गेला. त्याचे घरी आई गोजराबाई आणि बायको भिवराबाई, मूलबाळ नाही. फौज परत आली, खेमाजी आला नाही. कोणी म्हणाले, नदी उतरताना घोड्यासुद्धा वाहून गेला. कोणी म्हणाले, तिकडेच घर करून राहिला, बरा आहे. दोन्ही बोलणारे शपथेवर बोलत होते. भिवराबाईने मग औत आपले हाती घेतले, आणि सुगीस कोठीचा वाटा स्वतः डोकीवर नेऊन घालीत गेली, आणि सासूसुनेचे दिवस चालले. गोजराबाई रोज लेकाचे ताट वाढून ठेवी आणि मग तेच दोघी वाटून खात.

ऐसे असता भिवराबाईस न्हाताना डावे स्तनी गाठ लागली. सुपारीएवढी होती, दुखत नव्हती, म्हणोन तिने कोणास सांगितले नाही, आणि सांगावे तरी कोणास, हेही तिला उमजेना. गाठ वाढली, तेव्हां बाजाराचे निमित्त करून ती एकटी राजधानीस चालत गेली. औषधशाळेचे मुख्य वैद्य मैराळभट यांनी दाईकडोन तपास करविला आणि म्हणाले, "बाई, ही आज कापता येईल. पावसाळा उलटला म्हणजे माझ्या हाती काही नाही. छत्र कोणाचे नावे आहे?" तिने नवऱ्याचे नाव सांगितले. मग तेथील कारकून विसोपंत यांनी पाहून सांगितले की, खेमाजी शिलेदार दोन पाडवे गैरहजर, छत्र बंद.

भिवराबाई म्हणाली, "पण वाटा मी घातला आहे. दोन्ही साल. तुम्हीच मोजून घेतलात."

विसोपंत वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी तिला बसविले, पाणी दिले आणि हळू आवाजाने म्हणाले, "घातलात खरा. पण तो त्याच्या नावावर पडला. आता एकच वाट आहे. देवीपुढे बांगड्या फोडा आणि नवरा वारला म्हणा. उद्याच दाखल करून घेतो."

"आणि तो आला तर?"

"तर देवाची कृपा म्हणायची," विसोपंत म्हणाले, आणि पुढच्या माणसास हाक मारली.

ती घरी आली आणि चार दिवस शेतात राबली. मग एके सकाळी सासूचे पायाशी बसून चोळीची गाठ सोडून तिने दुखणे दाखविले, आणि कोठीची अट सांगितली. गोजराबाईने पाहिले, हात लाविला, आणि तिचे डोळे भरले. परंतु अट ऐकताच तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "भिवरे, तुला वाचायचं आहे, ते मला दिसतं. मीही तेच म्हणेन. पण माझा लेक तू तोंडाने मारू नकोस."

"आत्याबाई, मी मारत नाही हो. लोकांना लिहायला पाहिजे म्हणून—"

"देवीपुढे बोललं ते देवी ऐकते."

भिवराबाईने आषाढ काढिला. गाठ काखेकडे सरकली. तेव्हां ती उठली, सासूचे पाया पडली, आणि राजधानीस गेली, आणि देवीपुढे दगडावर हात आपटून शपथ वाहिली. पुजारी म्हणाला, मोठ्याने म्हणा, तेव्हां तिने मोठ्याने म्हटले. सोबत कोणी नव्हते, म्हणोन विधवेस सावरावयास दुसरीच कोणी परगावची बाई पुढे जाहली आणि रडो लागली. भिवराबाई रडली नाही.

औषधशाळा मुळी लढवय्यांसाठी बांधिली होती, बायकांस निराळी जागा नव्हती, म्हणोन गाठ कापून काढिल्यावर तिला पागेकडील पडवीत पडदा लावून ठेविले. पडद्यापलीकडे पाय तुटलेला एक स्वार होता, तो दक्षिणेचे मोहिमेत होता ऐसे त्याचे बोलण्यावरून कळले. ज्वर उतरल्यावर पहिला शब्द ती त्यासच बोलली. पुसिले, "भाऊ, तिकडे कोणी खेमाजी तुम्हांस ठाऊक होते?"

स्वार म्हणाला, "खेमाजी पुष्कळ होते, बाई. आपले कोण?"

शपथ वाहिलेल्या तोंडाने काय उत्तर द्यावे हे तिला कळेना. तिने कूस बदलिली. स्वारानेही पुन्हा पुसिले नाही.

बरी होऊन गावी परतली तो घरास आतून कडी. गोजराबाई शिव्या देणारी नव्हती, कडी काढीना इतकेच. मग भिवराबाई मळ्यातले खोपटात राहिली. शेत तीच करी, आणि दाणे दाराशी ठेवून येई, आणि ती वळणापार गेली म्हणजे सासू दाणे आत घेई. गावच्या बाया पाणवठ्यावर तिला जागा देत, परंतु बोलणे थांबवीत. सणावारी बोलावणे नाही. खोपटात एकटीने बोलावे तर आपलाच आवाज तिला परका वाटे, म्हणोन ती बैलांशी बोले. जीव वाचला होता, आणि तो घेऊन कोठे जावे हे तिला ठाऊक नव्हते.

पुढे त्याच मोहिमेतल्या बेपत्त्या शिलेदारांच्या बायका एकएक करून खोपटाशी येऊ लागल्या. एकीस अंगावरून जात होते, एकीचे पोटात गोळा होता. पदर ओढून येत, आणि पुसत, "शपथ कशी वाहिलीस? पुढे घरी घेतलं का?" भिवराबाई खरे सांगे. खरे ऐकून एकजण तशीच परत गेली आणि संक्रांतीआधी वारली. तिचे नाव पारूबाई. त्या दिवशी भिवराबाईने खोपटाचे दार लाविले, बाकीच्यांस सोबत घेतले, आणि दरबारी जाऊन उभी राहिली.

आईसाहेबांनी पडद्याआडोन पुसिले, "काय मागतेस?"

भिवराबाई म्हणाली, "आईसाहेब, वाटा आम्ही घालतो आणि नाव दुसऱ्याचं. नवरा आहे म्हणावं तर औषध नाही, मेला म्हणावं तर घर नाही. मी मेला म्हटलं. आमची पारू म्हणू शकली नाही, ती गेली. एक बाई आहे आणि तिला दुखतंय, एवढंच लिहून घ्यायला काय हरकत आहे?"

फडणीस पुढे होऊन बोलिले की, पूर्वी खोट्या नावांनी कोठी लुटली गेली म्हणोन ही रीत पडिली, आणि बायका निराळ्या लिहिल्या तर घरे मोडतील. बोलणे अगदीच निराधार नव्हते.

आईसाहेब म्हणाल्या, "फडणीस, सुनेचा मान म्हणोन सासऱ्यांनी माझे नाव कोठीत पहिले लिहविले, ऐसे ऐकत आले. काय लिहिले आहे?"

दप्तर पाहण्यात आले. फडणीस खाली मान घालून म्हणाले, "युवराजांचे कुटुंब. नाव लिहिलेले नाही."

आईसाहेब वैधव्य येऊन सहा साले पडद्याआड एकट्या बसत होत्या. मग आज्ञा जाहली की, आजपासून प्रत्येक बाई आपले नावाने दाखल व्हावी, नवऱ्याचे असणेनसणे पुसू नये, बायकांचे दुखण्यास औषधशाळेत निराळी ओसरी बांधावी, आणि बाईने आपले नावाखाली ज्यास घेतले त्यासही छत्र चालावे. आज्ञा ऐकोन गर्दी जाहली, आणि बाया हसत होत्या, आणि भिवराबाई आपले खोपटास परत आली.

पुढील साली दाणे ठेवण्यास गेली तो दार उघडेच, आणि गोजराबाई जात्यापाशी बसलेली, तिला उठवेना. तिचे अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर येत होते, आणि ते दुखणे कैक वर्षांचे होते, आणि लेकाचे आशेवर आणि लाजेवर तिने दाबून ठेविले होते. भिवराबाईने पुसिले नाही. गाडी जुंपली, गवत अंथरिले, सासूस उचलून आत निजविले आणि राजधानीची वाट धरिली. वाटेत सासू तोंड फिरवून राहिली. भिवराबाई बैलांशी बोलत राहिली. औषधशाळेचे दारी विसोपंतांनी पुसिले, "आजींना कोणाच्या नावाखाली घ्यायचे?" भिवराबाई म्हणाली, "माझ्या." मग विसोपंत गाडीशी आले आणि वाकून म्हणाले, "आजी, ही आपली कोण?"

गोजराबाईने डोळे उघडिले, भिवराबाईकडे पाहिले, आणि म्हणाली, "सून. माझ्या खेमाजीची बायको."

भिवराबाई गाडीच्या चाकास धरून खाली बसली आणि तेव्हां रडली.

येणेप्रमाणे बायकांची नावे त्या राज्यी दाखल जाहली. गोजराबाई बरी होऊन आणखी काही साले जगली, दोघी एका घरी राहिल्या, थोडे बोलत. ओसरी अद्याप उभी आहे. खेमाजीचे पुढे काय जाहले, ते या लिहिणारास कोठेच मिळाले नाही.