राखणदाराची तिसरी पाळी

"पंचवीस वर्षं चार साचे एकट्यानं चालवले. पाच गोळ्या काय सांभाळायच्या नाहीत माका?"

बुधाजीबुवांनी ही गर्जना केली ती इस्पितळातून घरी आलेल्या दिवशी, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून घेतल्यानंतर बरोबर तिसऱ्या सकाळी. सून प्रितीनं गोळ्यांचा तक्ता लिहून फ्रिजवर चिकटवला होता. बुवांनी तो असा बघितला, जसा गिरणीतला जुना साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, नवशिक्या सुपरवायझरकडे बघतो.

"तक्ता काढ तो! मी माझी व्यवस्था करतंय."

व्यवस्था म्हणजे पितळेचा पानाचा डबा. पान इस्पितळानं सोडवलं होतं, डबा रिकामा पडला होता. डब्यात कप्पे होते आणि बुवांच्या डोक्यात पाळ्या. गिरणी बंद पडून पाव शतक लोटलं, करी रोडच्या चाळीच्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर आला, त्यातल्या अठराव्या मजल्यावर बुवा राहायला गेले. पण दिवसाचे तुकडे त्यांच्या लेखी तीनच. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. भोंगा आता फक्त त्यांच्या कानात वाजत असे, पण सातला म्हणजे सातलाच वाजत असे.

त्यांनी गोळ्यांची हजेरी घेतली. रक्त पातळ ठेवणारी लालबुंद गोळी तगडी, तिला पहिली पाळी: सातला, कोऱ्या चहाबरोबर. पाणी सोडवणारी आणि तिच्या जोडीच्या आणखी दोघी दुसऱ्या पाळीला. उरली एक फिकट पिवळी. तिच्याबद्दल डॉक्टर मेघनानं सांगितलेलं एक वाक्य बुवांच्या नेमकं लक्षात राहिलं होतं: "काका, ही तुमच्या पोटाची राखण करणार."

राखण! म्हणजे वॉचमन! आणि वॉचमन कुठल्या पाळीला असतो, हे गिरणगावातल्या माणसाला का सांगायला हवं? बुवांनी पिवळी गोळी तिसऱ्या पाळीच्या कप्प्यात टाकली, रात्री जेवल्यावर घ्यायला, आणि झाकण लावलं.

चार दिवसांत पोटानं संप पुकारला.

आधी जळजळ. मग गुरगुर. बुवांच्या पोटात जणू कुणी रिकाम्या पिंपात नारळ गडगडवत होतं. आणि ढेकर! ढेकर कसले, ते तर गावच्या वेशीवरून दिलेल्या हाका होत्या. एक ढेकर लिफ्टमध्ये सुटला, तेव्हा नवव्या मजल्यावरच्या बाईंनी दचकून धोक्याचं बटण दाबलं आणि खालून दोन माणसं धावत आली.

"ओव्याचा पाणी घेवा," म्हणाली रखमा. रखमाकाकू म्हणजे बुवांची बायको. अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेली आणि त्यातली सत्तेचाळीस बुवांची गाणी भाकऱ्या थापता थापता ऐकलेली.

ओव्यानंतर जिरं आलं. चाळीतली जुनी बिऱ्हाडं आता टॉवरभर विखुरली होती, पण बातमी लिफ्टपेक्षा जलद वर चढत होती. सरोजिनीबाईंनी सोलकढी पाठवली, कुणी हिंगाची गोळी, कुणी बेंबीला लावायला तेल. बुवा सगळं घेत होते. पोट सगळं परत पाठवत होतं.

एरवी बुवांनी हे हसून काढलं असतं. पण येत्या रविवारी बारी होती.

डबलबारी! दोन भजनी बुवा समोरासमोर, मागे साथीला गाणारे आपापले झीलकरी, आणि गाण्यातून सवाल-जबाब. गाव मंडळानं परळला हॉल घेतला होता आणि पत्रिकेवर छापलं होतं: बुवा बुधाजी विरुद्ध बुवा कुशाबा. त्रेचाळीस वर्षांनंतर.

हे कुशाबा कोण, ते सांगायलाच हवं. करी रोडच्या चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. त्यातल्या दोनांना कडी नव्हती. मालकाकडे अर्ज करून माणसं थकली आणि मग चाळीनं आपला कायदा केला: आत बसलेल्यानं गात राहायचं. गाणं चालू तोवर दार ढकलायचं नाही. गाणं थांबलं की जागा मोकळी! पहिल्या पाळीला जाणारे बुधाजी आणि कुशाबा रोज पहाटे शेजारशेजारच्या बिनकडीच्या खोपटांत बसत. एकानं अभंग धरला की दुसरा वरची पट्टी धरी. बाहेर डबे घेतलेली रांग ताल देई. दोघांचा गळा घडला तो असा. लोक गुरूचं नाव विचारत, तेव्हा दोघं आभाळाकडे बोट दाखवत. खरं बोट गॅलरीच्या टोकाकडे दाखवायला हवं होतं.

मग एक्क्याऐंशीची दत्तजयंती. चाळीच्या पटांगणात दोघांची बारी लागली. रंगत रंगत उजाडलं, आणि कुशाबानं सवाल टाकला:

उभा-आडवा धागा अंगी, साचा नाही दारी,
सांग बुवा, धोटा कोण, खेपा कोण मारी?

धोटा म्हणजे सूत घेऊन साच्यात इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. रोज हजारदा डोळ्यांपुढून जाणारी. पण हा बिनसाच्याचा धोटा कुठला? बुधाजींना काही सुचेना. टाळ थांबले. माणसं माना पुढे करून बसली. आणि नेमका सातचा भोंगा वाजला. अर्धी मंडळी उठून गिरणीकडे पळाली, त्यात दोन्ही बुवाही. जबाब पुढच्या बारीला, असं ठरलं.

पुढची बारी कसली? महिन्याभरात संप झाला. गिरण्या थांबल्या, चुली थंडावल्या. कुशाबा गावाला गेला तो तिकडेच रमला, अलीकडे वडाळ्याला मुलाकडे आला. सवाल मात्र बुवांच्या डोक्यात खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा लोंबत राहिला.

आणि तो सुटला कुठे? इस्पितळाच्या खाटेवर! शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ पळत होती. इकडून तिकडे, इकडून तिकडे. टिक, टिक. बुवा बघत राहिले. बघता बघता उठून बसले आणि ओरडले, "गावलो! धोटा गावलो!" नर्सनं धावत येऊन त्यांना आडवं केलं आणि कागदावर 'पेशंट बडबडतो' असं लिहिलं.

तर आता जबाब होता, समोर कुशाबा होता, आणि मध्ये हे पोट!

शनिवारी सकाळी बुवांनी गिरणीतला रामबाण उपाय काढला. कायम कामगार त्रास द्यायला लागला तर काय करतात? रजा देतात आणि बदली भरतात! जळजळ पहिल्या पाळीनंतरच सुरू होते, म्हणून त्यांनी लालबुंद गोळीला दोन दिवसांची रजा दिली आणि तिच्या कप्प्यात बदली म्हणून चिमूटभर ओवा भरला.

रखमाकाकूंनी दुपारी डबा उघडला.

"अवो, ह्या काय?"

"बदली."

काकूंनी सरळ डॉक्टरांना फोन लावला आणि फोन बुवांच्या कानाला चिकटवला.

"काका!" पलीकडून मेघना अशी कडाडली की बुवा पलंगावर सावरून बसले. "आत बसवलेली स्प्रिंग नवी आहे. ही गोळी बंद केलीत तर तिथे गुठळी होऊन नळी बंद पडेल. जीव जाईल, कळतंय का? हृदयाच्या गोळीला बदली नसतो! आत्ताच्या आत्ता घ्या आणि सोमवारी सगळ्या गोळ्या घेऊन या. पोटाचं आपण बघू."

"होय, मॅडम."

फोन ठेवला. काकू पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. "तुमका बारी मोठी, मी कोण?" एवढंच म्हणाल्या.

बुवांनी मुकाट्यानं गोळी गिळली. उठून खिडकीशी गेले. जिथे गिरणीची चिमणी होती तिथे आता काचेची इमारत होती, आणि त्या काचेत दुपारचं ऊन सुताच्या लडीसारखं पडलं होतं. मग त्यांनी वही काढली आणि जबाबात एक नवी ओळ घातली.

रविवारी सातला लालबुंद गोळी, कोरा चहा, आणि वर काही नाही. खाल्लं तर पोट बोलेल, म्हणून बुवा उपाशीच हॉलवर गेले. उपाशी पोट दुप्पट बोलतं, हे त्यांना तिथे कळलं.

पहिली बारी कुशाबाची. बुवांनी त्रेचाळीस वर्षांनी त्याला बघितलं. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण भुवया तशाच उडत्या. सुरुवात दमदार झाली. पण अर्ध्या तासात कुशाबा घामाघूम! शेवटचा गजर त्यानं असा उरकला जसा सुटलेल्या बसमागे पळणारा माणूस पायात चप्पल सरकवतो, आणि नमस्कारही न करता मंचामागे गडप झाला.

"घाबरलो!" लोक कुजबुजले. "बुधाजीबुवाक घाबरलो!"

बुवा मंचावर बसले. पखवाजावर विकास, मागे आठ झीलकरी. झीलकऱ्यांचा धर्म एकच: बुवाच्या तोंडून जे निघेल ते जसंच्या तसं म्हणायचं. बुवांनी आलाप घेतला, समेवर आले, आणि तिथेच आतून हाक आली.

"हॉऽऽब!"

झीलकऱ्यांनी मान डोलावली आणि आठही गळ्यांनी एकदिलानं म्हटलं, "हॉऽऽब!"

विकासनं त्यावर तिहाई मारली. पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वा! जुनी चाल! आता कोण गातो अशी!"

बुवांचे कान लाल झाले. त्यांनी घाईघाईनं मूळ सवाल धरला, "उभा-आडवा धागा अंगी..." सगळा हॉल पुढे सरकला. ज्यांनी एक्क्याऐंशी साल बघितलं होतं ती दहाबारा पांढरी डोकी उभीच राहिली. आता जबाब! बुवांनी दम भरला. आणि पोटानं खालच्या अंगानं असा निर्वाणीचा इशारा दिला की त्यापुढे देवही हात जोडेल.

"मंडळी, दोन मिनिटं... पाणी पितंय..." म्हणत बुवा धोतराचा सोगा धरून पळाले. रखमाकाकूंनी कपाळाला हात लावला.

मंचामागे पडक्या दारांचे दोन संडास. एकाचं दार लावलेलं. बुवा दुसऱ्यात शिरले, दार ओढलं, कडी चाचपली. कडी नव्हती!

आता सांगा, माणूस काय करणार? विचार करायला उसंत नव्हती. शरीरानंच जुनी वाट धरली. बुवा गायला लागले. पहाटेचा, गॅलरीतला, रोजचा अभंग.

दुसऱ्या ओळीवर पलीकडच्या भिंतीतून कुणीतरी वरची पट्टी धरली.

बुवांचा आवाज थांबला. पलीकडचाही थांबला.

"बुध्या?"

"कुश्या! तू हय?"

"कडी नाय रे मेल्या! गावन गावन दमलंय!"

"तुका काय झाला?"

"स्प्रिंग बसवली गेल्या साली. गोळ्ये चालू. आणि आज मंडळाच्या जेवणात काळ्या वाटाण्याचा सांबारा दोनदा घेतलंय. तुझा काय?"

बुवांनी आपली पाळ्यांची व्यवस्था सांगितली. पलीकडून भिंत हादरेल असं हसू आलं.

"अरे येड्या! वॉचमन रात्री? गेट उघडूच्या आधी वॉचमन नको? ती पिवळी सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी. मगे न्याहारी. मगे ती लाल!"

(सोमवारी डॉक्टर मेघनानं पानाचा डबा उघडून नेमकं हेच सांगितलं. आणि हसू दाबायला तोंडापुढे बुवांचाच रिपोर्ट धरला.)

"कुश्या," बुवा हळूच म्हणाले, "तुझ्या सवालाचो जबाब गावलो माका."

"म्हण."

मग परळच्या त्या संडासात, गळक्या नळाच्या ठेक्यावर, बुवांनी जबाब गायला:

येता श्वास उभा धागा, जाता श्वास आडवा,
मधे काळीज-धोटा धावे, नका त्याला अडवा.
नाही त्याला रजा-सुट्टी, नाही त्याला बदली,
धोटा निजला तेव्हा बुवा, घडी देवें घातली.

नळ टपटपत राहिला. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"लय मोठो जबाब, बुध्या."

"तुझो पण हाच ना? त्रेचाळीस वर्षां झाली, आता तरी सांग!"

"माझो?" कुशाबाचा आवाज चोरट्यासारखा बारीक झाला. "माका खय ठावक होतो रे जबाब! यमक जुळला म्हणान टाकलंय सवाल. तू हरलंस असतंस तर माकाच सांगूचो लागलो असतो. भोंगो वाजलो म्हणान वाचलंय!"

बुवांनी कपाळावर हात मारला. त्रेचाळीस वर्षं! रात्री-अपरात्री, पाळीवर, संपात, पोरांच्या बारशात आणि आईच्या तेराव्यात ते हा सवाल चघळत राहिले होते! रागवावं, असं त्यांच्या मनात आलं. पण पलीकडून पुन्हा हसू फुटलं, पंचविशीतल्या कुशाबाचं हसू, आणि बुवाही हसायला लागले, पोट धरून, अगदी खऱ्या अर्थानं पोट धरून.

दोघे एकमेकांचा हात धरून मंचावर परतले, तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात. बुवांनी जबाब पुन्हा गायला. पांढरी डोकी रडली. रखमाकाकूंनी 'बदली'च्या ओळीला मान हलवली, आणि शनिवारपासून पहिल्यांदा हसल्या.

आणि कुशाबा? कुशाबा डोळे मिटून, मान डोलवत, संथपणे म्हणाला, "बरोबर! हाच जबाब! त्रेचाळीस वर्षां मी काळजात जपलंय तो!"

मंडळाचे अध्यक्ष गहिवरले. एवढा गहन सवाल घालणाऱ्या बुवांचा सत्कार आधी, असं त्यांनी जाहीर केलं. शाल कुशाबाला. श्रीफळ कुशाबाला. हारही, एकच आणला होता, तो कुशाबाला.

हे मात्र बुवांना सोसवेना. त्यांनी माईक ओढला. खरं काय ते आता साऱ्या गावाला कळलंच पाहिजे! त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

"हॉऽऽब!"

आणि मागून आठही झीलकऱ्यांनी, एकदिलानं, ते उचलून धरलं.