न आलेल्या पाण्यावरील फत्तेची हकीकत

रविवारी सायंकाळी पाच वाजता घर कोरडे जाहले, शत्रू नेस्तनाबूद जाहला आणि सूनबाईसाहेबांची फत्ते जाहली. परंतु घर मुळी ओले जाहलेच नव्हते, ऐसा नवराबायकोत पक्का करार असल्याकारणे, वाचणाराने वरील वाक्य वाचलेच नाही ऐसे समजावे, आणि पुढील मजकूरही न घडलेला म्हणूनच, परंतु लक्ष देऊन, वाचावा.

मुलूख म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. तेथे अठ्ठावीस वर्षे सासूबाईसाहेबांचा अंमल. सूनबाई शिवणकामात बहुत निष्णात, आणि बाहेरची खोली शिवणवर्गास मिळावी म्हणोन सहा महिने अर्ज करीत होत्या. गुरुवारी सकाळी सासूबाईंची स्वारी सासरेबुवांस घेऊन बहिणीच्या घरी निघाली, तेव्हा चप्पल घालता घालता हुकूम जाहला की, "चार दिवस घर नीट सांभाळून दाखव, मग खोलीचं बघू." स्वारी जिना उतरली न उतरली तोच सूनबाईंनी शिंप्याच्या खडूने त्या खोलीच्या जमिनीवर चार चौकोन आखिले, चार शिलाई मशिनांचे, आणि मधून फिरून पाहिले. जागा पुरत होती.

आता या घरी कपडे धुण्याच्या मशिनाचा एक दस्तूर होता. मशिनाची सांडपाण्याची नळी आखूड, मोरीच्या भोकाशी जेमतेम पोहोचणारी, सबब तिच्यावर एक वीट ठेवीत. वीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीस तीन गाठी. वीट कशाकरिता, हे कोणी कोणास सांगितले नव्हते, कारण ती कायमचीच होती. सूनबाईंचे यजमान, ज्यांस घरात चिरंजीव म्हणत, यांनी आईसाहेबांची पाठ फिरताच सुधारणांचे युग आरंभिले आणि "न्हाणीघरात वीट? लोक काय म्हणतील!" ऐसे बोलोन ती गॅलरीत हद्दपार केली. न्हाणीघरात लोक येत नसत, हा मुद्दा दरबारात निघालाच नाही.

मग अकराचे सुमारास सूनबाईंनी मशीन लाविले आणि आपण आतल्या खोलीत पलंगावर बसोन एका ब्लाउजची बाही टाचू लागल्या. मशिनाने पाणी सोडिले, नळी उसळली, मोरीतून मान बाहेर काढिली आणि तोंड घराकडे केले. शत्रू बिनबोभाट चालून आला. प्रथम पायपुसणे पडले, मग उंबरा पडला, मग रद्दीचा गठ्ठा शरण गेला, बाहेरच्या खोलीतील चारही चौकोन एका दमात वाहोन गेले, आणि मग आत शिरोन त्याने सासूबाईंच्या लाकडी कपाटास वेढा दिला. सूनबाईंनी पाय खाली सोडिला तो गार लागला, आणि पाहतात तो डावी चप्पल स्वतःच्या मर्जीने स्वयंपाकघराकडे निघालेली.

"अहो, पाणी!"

"नको, आत्ताच प्यालो," ऐसे गॅलरीतून उत्तर आले.

मग बटण बंद करोन फौज जमा जाहली. दोन पोछे, एक वायपर, सहा टॉवेल. चिरंजीव वायपर मारून पाणी सूनबाईंकडे लोटीत आणि सूनबाई ते चिरंजीवांकडे लोटीत, ऐसे अर्धा तास उभयतांनी शत्रूची येरझार चालविली. त्याउपरि मोरी कोणत्या बाजूस आहे याजवर एकमत होऊन लढाईस जोर आला. दोन प्रहरी शत्रू हटला, आणि इतक्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्याच्या काकू हाती चहाचा कप घेऊन खुद्द आल्या होत्या.

"हा बघा, अर्धा प्यायले होते मी. आता काठोकाठ आहे. सासूबाईंना फोन लावू का?"

सूनबाईंचे तोंडचे पाणी पळाले. मग उंबऱ्यावरच तह जाहला तो येणेप्रमाणे: काकूंचे छत चिरंजीवांनी स्टुलावर चढोन पुसावे, आणि सूनबाईंनी दोन ब्लाउज अस्तरासह शिवोन द्यावे. काकूंनी आणखी एक कलम जागच्या जागी घातले. "आणि मागचा हिरवा उसवून परत शीव गं. काखेत काचतो." तेही कबूल जाहले.

त्याउपरि घर वाळविण्याची मसलत चिरंजीवांनी आपणाकडे घेतली आणि सर्व खिडक्या बंद करोन पंखे पाचावर ठेवण्याचा हुकूम सोडिला. "बाहेरची दमट हवा आत यायला नको. मी वाचलंय." कोठे वाचले, ते आजतागायत उजेडात आले नाही. शुक्रवारी काचांस घाम फुटला, काड्यापेटी पेटेना, वर्तमानपत्र हातात धरिले की मान टाकी, आणि घरास ओल्या कुत्र्याचा वास सुटला, वास्तविक घरी कुत्रा नव्हता. कपाटाचा खालचा खण फुगोन घट्ट बसला. त्यात सासूबाईंच्या शाली. सूनबाईंनी दोन्ही पाय टेकवोन ओढिला, हलला नाही; तेव्हा त्या बाहेरच्या खोलीत जाऊन चौकोन होते त्या जागी बसल्या आणि पदराने नाक पुसोन बराच वेळ उठल्या नाहीत.

शनिवारी सकाळी इस्त्रीवाले भाऊ कपडे न्यावयास आले आणि दारातच थबकले.

"वहिनी, घर भिजत घातलंय काय?"

सूनबाईंनी सर्व हकीकत सांगितली. भाऊंनी बंद खिडक्यांकडे पाहिले, मग चिरंजीवांकडे पाहिले.

"कोंडलेला कपडा वाळतो का कधी? समोरासमोरच्या खिडक्या उघडा. टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा, ओल बाहेर फेकू दे."

"पण मी वाचलंय की..."

"वाचलेलं राहू द्या दादा, कपाट उचला."

मग कपाट रिकामे जाहले, खण मागच्या फळीकडून ठोकोन निघाला, शाली मात्र कोरड्या निघाल्या, आणि सूनबाईंनी त्या मोजोन दोनदा उराशी धरिल्या. कपाट भिंतीपासून हातभर पुढे, चार पाय चार पालथ्या वाट्यांवर, गाद्या गॅलरीत, पलंगाखालोन तीन चमचे, एक हरवलेला रिमोट आणि कपाटामागोन अठ्ठावीस वर्षांची धूळ कैद जाहली. विटेस सन्मानाने परत आणोन नळीवर बसविले. दीड दिवस वारा घरातोन आरपार गेला, आणि रविवारी भिंतीस हात लाविला तो कोरडा आला. सामान जागेवर गेले तोच घंटी वाजली.

सासूबाई अनवाणी सर्व घर फिरल्या. कपाटामागे बोट फिरविले आणि बोटाकडे पाहिले.

"हे कोणी केलं?"

"मी," सूनबाई म्हणाल्या.

"ही भिंत पिवळी आहे, हे मी विसरलेच होते," ऐसे बोलोन सासूबाईंनी तेथल्या तेथे बाहेरची खोली सूनबाईंच्या नावे केली. इकडे सासरेबुवांस न्हाणीघराचे दार फुगलेले आढळले, आणि "हवामान!" ऐसे उद्गारोन ते परम आनंदाने रंधा शोधावयास गेले. येणेप्रमाणे फत्ते जाहली ती येथे नमूद.

मात्र त्याच सायंकाळी दुसरा हुकूम सुटला की, घर इतके उत्तम निघते तर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कपाट, गाद्या, खण, सर्व ऐसेच बाहेर काढावे. सबब सूनबाई व चिरंजीव यांचा सासूबाईंचे दरबारी संयुक्त अर्ज की, सदर हुकूम कृपावंत होऊन रद्द करावा. अर्जातील कारणाचा रकाना रिकामा सोडिला आहे. त्याची चौकशी न करता मंजुरी द्यावी, आणि मंजुरीची नक्कल खालच्या मजल्यावर पाठवू नये, ही विनंती.