खिशाला शोभेल असा स्वेटर

होणाऱ्या नातवंडासाठी आपण स्वेटर विणतोय असं द्वारकाबाईंनी जाहीर केलं, तेव्हा त्यांना विणता येत नव्हतं.

आणि जाहीर कुठे केलं, तर शनिवार पेठेत, सुनेच्या डोहाळेजेवणात, भरल्या पंगतीत. सून उत्कर्षा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी राहणार होती. बारशाला सासरहून बाळंतविडा जायचा, त्यात बाळाची झबली, टोपडी, दुपटी आणि एक स्वेटर. उत्कर्षाच्या आई सरोजिनीबाई जिलबी वाढता वाढता सहज बोलल्यासारखं बोलल्या, "द्वारकाताई, स्वेटर विकतचा आणलात तरी चालेल हो. आमच्याकडे कोणी नावं ठेवणार नाही."

शनिवार पेठेत नावं ठेवणार नाही असं सांगतात तेव्हा ती ठेवून झालेली असतात, एवढं द्वारकाबाई परळीहून हडपसरला आल्यापासून शिकल्या होत्या. त्यातून त्या घरातल्या झाडून सगळ्या बायका विणणाऱ्या. लग्नात मानपानाची साडी पाहून सरोजिनीबाई "छान आहे, पुसायला वगैरे" म्हणाल्या होत्या, ते द्वारकाबाईंच्या अजून काळजात होतं.

"विकतचा कशाला?" त्या म्हणाल्या. "मी विणतेय की. साधाच आहे. खिसे तेवढे आहेत."

सरोजिनीबाईंच्या हातातला चिमटा जागीच थांबला. "तान्ह्या बाळाच्या स्वेटरला खिसे?"

"दोन," द्वारकाबाई म्हणाल्या आणि जिलबी खाऊ लागल्या.

घरी परतताना त्यांचे यजमान वैजनाथराव बोटांवर काहीतरी मोजत होते. हडपसरचा पूल आला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "तू कधीपासून विणायला लागलीस?"

"उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या जुबेदाभाभींना गाठलं. जुबेदाभाभींनी अख्ख्या सोसायटीच्या पोरांना स्वेटर घातले होते. त्यांनी सुया दिल्या, टाके घालून दिले, सुलट आणि उलट टाका हातात हात धरून शिकवला. "आधी खिसाच विणा, भाभी," त्या म्हणाल्या. "लहानसा चौकोन असतो, हात बसून जाईल. मग पुढचं मी शिकवते."

हात बसला. द्वारकाबाईंना स्वतःलाच खरं वाटेना, इतका बसला. टाक्याला टाका लागून गुलाबी लोकरीची सुबक पट्टी सुईवरून उतरू लागली, आणि बाई हरखून गेल्या. एवढ्यात जुबेदाभाभींच्या लेकीचा लोणी काळभोरहून निरोप आला, तिची सासू पाय मोडून पडली होती. भाभी तशाच निघून गेल्या. विणायचं कसं ते शिकवून झालं होतं, थांबायचं कसं ते राहिलं होतं.

सुईवरचे टाके बंद केल्याशिवाय विणकाम सुटत नाही, आणि ते बंद कसे करतात हे द्वारकाबाईंना ठाऊक नव्हतं. मग त्या विणत राहिल्या. जुबेदाभाभींनी फोन करून विचारलं, "कसं चाललंय, भाभी?"

"एकदम छान," द्वारकाबाई म्हणाल्या. आता एवढं छान चाललेलं असताना अडलंय म्हणून कसं सांगायचं?

शेवटी मुलाने, ऋषीने, ऑफिसातून आल्यावर मोबाईलवर टाके बंद करायचा व्हिडिओ लावून दिला आणि खिसा एकदाचा सुईवरून सुटला. वैजनाथरावांनी त्यात हात घालून पाहिला. मनगटापर्यंत गेला.

"मस्त बसतो," ते म्हणाले.

"आई, हा बाळाचा खिसा आहे ना?" ऋषीने विचारलं. "थोडा उसवून लहान कर."

"उसवू? एक टाका चुकलेला दाखव त्यात."

टाका खरोखरच एकही चुकलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा विणलेला खिसा, तो उसवायचा म्हणजे पहिली गोल झालेली पोळी गाईला घालण्यासारखं होतं. द्वारकाबाईंनी त्याच्या जोडीचा दुसरा विणला. आणि मग, दोन्ही खिसे समोर ठेवून, मोबाईलवर बघून बघून, त्यांना शोभेल असा स्वेटर विणायला घेतला.

मापाची चर्चा घरात मोकळेपणाने झाली. "वाढत्या अंगाचा कर," वैजनाथराव म्हणाले. "यंदाच्या थंडीला घातला आणि पुढच्या थंडीला बोहारणीला दिला, असं नको."

"बाबा, तुम्ही मला पाचवीत शिवलेली पँट मी आठवीत घातलीय," ऋषी म्हणाला.

"आठवीत बसली ना?"

"आठवीतच बसली. पाचवीत दोरी बांधत होतो."

"मग कापड फुकट गेलं का?" वैजनाथरावांनी विचारलं, आणि द्वारकाबाईंनी सुईवर आणखी काही टाके चढवले.

शिवाय ऋषी उंच, उत्कर्षाही उंच, तेव्हा लांबी वाढवणं भाग होतं. लांबी वाढली तसा घेर अरुंद दिसू लागला, मग घेर वाढवला. घेर वाढल्यावर बाह्या आखूड वाटल्या. बाह्यांपर्यंत येता येता गुलाबी लोकर संपली आणि दुकानात तो रंग मिळेना, म्हणून बाह्या जांभळ्या झाल्या. वैजनाथराव रोज सकाळी तो स्वेटर पिशवीत घालून बागेत फिरायला नेत आणि आपल्या निवृत्त मित्रांना बाकावर पसरून दाखवत. "आमच्या घरात विणलाय," ते सांगत. कोणी तो कोणासाठी आहे हे विचारलं नाही, आणि पाहिल्यावर विचारावंसं वाटण्यासारखं काही नव्हतंही.

उत्कर्षाला मुलगी झाली, पेढे वाटून झाले, आणि बारशाच्या आदल्या दिवशी जुबेदाभाभी परत आल्या. द्वारकाबाईंनी मोठ्या अभिमानाने स्वेटर त्यांच्यापुढे सोफ्यावर मांडला. जुबेदाभाभी त्याच्याकडे बघतच राहिल्या. कडा तपासल्या, शिवण तपासली, खिसे ओढून पाहिले.

"काम एक नंबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण भाभी, बाळ कितवीला आहे?"

तेव्हा कुठे द्वारकाबाईंनी तो स्वेटर परक्या डोळ्यांनी पाहिला. बाही आपल्या हाताला लावून पाहिली, ती बोटांपर्यंत आली. उद्या तबक उघडणार, सगळी शनिवार पेठ बघणार, आणि सरोजिनीबाईंना जन्मभर पुरेल एवढा विषय मिळणार.

"अजून वेळ आहे," जुबेदाभाभी म्हणाल्या. "मी एक लहानसा पटकन विणून देते. कोणाला कळणार नाही."

द्वारकाबाईंनी डोळे पुसले. स्वेटर उचलून छातीशी धरला. "नको, भाभी. हसले तर माझ्या कामाला हसू देत. तुमच्या कामावर मी मिरवणार नाही."

बारशाला पाळणा सजला होता. सरोजिनीबाईंच्या बहिणी, जावा, भाच्या सगळ्यांनी विणलेले स्वेटर टेबलावर मांडले होते, प्रत्येक जेमतेम तळहाताएवढा, पांढराशुभ्र. द्वारकाबाईंचं तबक उघडलं. सरोजिनीबाईंनी स्वेटर खांद्यांना धरून वर उचलला आणि त्या स्वतः त्याच्यामागे दिसेनाशा झाल्या.

"कोणासाठी म्हणालात?" स्वेटरमागून आवाज आला.

"वाढत्या अंगाचा आहे," द्वारकाबाई मान ताठ ठेवून म्हणाल्या.

"वाढत्या अंगाचं ठीक आहे हो. पण हे अंग वाढून नोकरीला लागलेलं दिसतंय."

बायका हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, पण हसल्या. वैजनाथराव पुरुषांच्या घोळक्यातून ताडकन उठले आणि काय करावं हे न सुचून पुन्हा बसले. द्वारकाबाईंचे कान तापले. टेबलावरच्या त्या इवल्याशा पांढऱ्या स्वेटरांकडे त्यांना बघवेना.

"इकडे दे गं आई तो," खाटेवरून उत्कर्षा म्हणाली. डोक्याला रुमाल बांधलेला, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. सरोजिनीबाईंनी नकळत तो तिच्या हातात दिला. उत्कर्षाने तो साडीवरून अंगात चढवला, बटणं लावली, जांभळ्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या. दोन्ही हात खिशांत घातले आणि डोळे मिटून स्वस्थ बसली. शिवून घेतल्यासारखा बसला होता.

"किती गार वाजत होतं मला," ती म्हणाली. "सकाळपासून जो येतो तो बाळाला पांघरूण घालतो." मग डोळे उघडून तिने सासूकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "इतक्या दिवसांत माझ्यासाठी आलेलं हे पहिलंच."

हसणं बंद झालं. जावा एकमेकींकडे बघू लागल्या. ढीगभर स्वेटरांत बाळंतिणीला एक हातमोजासुद्धा नव्हता.

"पण तुम्ही तर बाळासाठी म्हणाला होतात," सरोजिनीबाई जरा चाचरत म्हणाल्या.

"होय की," द्वारकाबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य तोंडातून कसं आलं हे त्यांनाही कळलं नाही. "ही काय माझ्यासाठी मोठी झालीय? बाळच आहे माझं."

सरोजिनीबाईंनी टोमणा न मारता लेकीजवळची खिडकी लावून घेतली. हे असं पेठेत सहसा घडत नाही. जेवणं झाल्यावर त्या द्वारकाबाईंना बाजूला घेऊन गेल्या. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "खिसे एका ओळीत बसलेत." मग त्या बोटातली अंगठी फिरवू लागल्या. "मला पहाटे फिरायला जाताना गारठा लागतो. सवडीने एखादा जमला तर बघा. बाह्या त्याच जांभळ्या चालतील."

रिक्षात बसेपर्यंत द्वारकाबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. वैजनाथरावही छाती फुगवून बसले होते, जणू अर्धा स्वेटर त्यांनीच विणला होता.

"विहीणबाईंचं माप घेतलंस का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"माप घेऊन काय, कोणीही विणतं," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी रिक्षावाल्याला लोकरीच्या दुकानावरून घ्यायला सांगितलं.