वरची सापडली, खालची नाही

एखादी गोष्ट लपवायची असेल तर माझ्याइतका भरवशाचा माणूस शोधून सापडणार नाही, असं माझं स्वतःबद्दल बरीच वर्षं मत होतं. म्हणूनच सत्तेचाळिसाव्या वर्षी दात सरळ करून घ्यायचे आणि बायकोला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, असं ठरवताना मला काहीच अवघड वाटलं नाही. वर्षभराचा तर प्रश्न होता. तारा नाहीत, खिळे नाहीत. पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ प्लेटा, एक वर आणि एक खाली, दातांवर बसवायच्या आणि जेवताना काढायच्या. समोरच्याला दिसतसुद्धा नाहीत, असं डॉक्टरबाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

माझे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. ग्रुप फोटोत मागच्या मुलानं पुढच्याच्या खांद्यावरून डोकं काढावं तसा एक दुसऱ्याच्या आडून बघायचा. चाळीस वर्षं मी त्याला सांभाळून घेतलं. फोटो काढताना ओठ मिटायचे, हसू आलं की हात तोंडावर न्यायचा. मग ऑफिसात कॉम्प्युटरवर मीटिंगा सुरू झाल्या आणि पडद्यावरच्या त्या चौकोनात माझा दात माझ्याआधी येऊन बसलेला दिसायला लागला. मी तडक डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या दातांची फिल्म दाखवली. चाळीस सेकंदांत सगळे दात शहाण्यासारखे सरकत सरकत आपापल्या जागी गेले. मी तिथेच सही केली.

आकडा मात्र ऐकूनच हिरड्या दुखल्या. पाव रक्कम आधी, उरलेली बारा हप्त्यांत. ते पैसे आम्ही दोघांनी स्वयंपाकघराचा ओटा नवा करायला ठेवले होते. बायकोला मी सांगितलं की ऑफिसच्या पतपेढीनं सगळ्यांना सक्तीची बचत लावली आहे. ती म्हणाली, चला, तेवढेच साठतील. हे तिचं बोलणं मला पुढे प्रत्येक हप्त्याला ऐकू यायचं.

नियम कडक होते. दिवसातले बावीस तास प्लेटा तोंडात. दोन आठवड्यांनी नवी जोडी, अशा सव्वीस जोड्या. आणि प्लेट हरवायची नाही. हरवली तर काय होतं, असं मी विचारलं होतं. डॉक्टरबाई सहज म्हणाल्या, दात परत जुन्या जागी पळायला बघतात. त्यांना ते सहज वाटलं असेल. मी तेव्हापासून दर सकाळी उठल्याबरोबर जिभेनं दात मोजायचो.

शिवाय एक गोष्ट फिल्ममध्ये नव्हती. प्लेटा घातल्या की माझा 'स' बिघडायचा. 'साहेब' म्हणायला गेलं की 'शाहेब' यायचं. घरी दुसऱ्याच दिवशी बायकोनं विचारलं, जिभेला चटका बसलाय का. मी मानेनं हो म्हणालो आणि त्या दिवसापासून बोलणंच कमी केलं. मधलं खाणंही सुटलं, कारण प्रत्येक घासासाठी प्लेटा काढा, दात घासा, परत बसवा. सहा महिन्यांत माझं सात किलो वजन उतरलं. माणूस गप्प, बारीक, आणि जेवण झालं की उठून बाथरूमची कडी लावणारा. हे सगळं बाहेरून कसं दिसत असेल, याचा विचार मात्र मी केला नाही.

ऑफिसात तर वेळच वाईट होती. आमची कंपनी नळ आणि तोट्या बनवते, मी खरेदी विभागात. आमच्या मजल्यावरची माणसं कमी करणार आणि यादी मुख्य कार्यालयातून येणार, अशी कुजबुज महिनाभर चालली होती. जो तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काही कळतंय का ते बघायचा. मी तर तोंडच उघडत नव्हतो, त्यामुळे मला नक्की काहीतरी माहीत असणार असं सगळ्यांचं पक्कं झालं. यात पुढाकार होता खिडकीजवळ बसणाऱ्या एका सहकाऱ्याचा. त्याला आम्ही वार्ताहर म्हणतो. तो आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चौदाव्या जोडीचे शेवटचे दिवस चालले होते. त्या दिवशी प्लेटांची डबी मी घरी बाथरूममध्येच विसरलो. जेवायच्या सुट्टीत प्लेटा काढून कागदी रुमालात गुंडाळल्या आणि डब्याशेजारी ठेवल्या. अर्धं जेवण झालं असेल, तेवढ्यात मालवाल्याचा फोन आला म्हणून मी माझ्या टेबलाकडे धावलो. परत आलो तेव्हा जेवणाचं टेबल लख्ख पुसलेलं. माझा डबासुद्धा नीट बंद करून ठेवलेला. रुमाल नाही.

मी टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा पाहिला, तोही रिकामा. नव्या प्लेटेचे वेगळे पैसे, बायकोला सांगायची वेगळी थाप, आणि इकडे दात निघालेच असतील पळायला. मी ओठ घट्ट मिटून घेतले, जणू त्यांना बाहेरच पडायचं होतं.

साफसफाई करणाऱ्या मावशी जिन्यात भेटल्या. बावीस वर्षं हा मजला त्याच झाडतात. कचरा कुठे गेला, असं मी विचारलं. खाली जनरेटरच्या खोलीमागे, तीन पिशव्या, गाडी चारला येते, असं त्या म्हणाल्या. काय हरवलं म्हणून त्यांनी विचारलं, मी प्लेट म्हणालो. त्या निमूट माझ्याबरोबर खाली आल्या, एक पिशवी सोडली आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या आठ कागदी प्लेटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाल्या, "यातली कुठलीही घ्या भाऊ, सगळ्या सारख्याच आहेत."

तेव्हा मला त्यांना खरं सांगावं लागलं. सहा महिन्यांत मी हे पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होतो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि दुसरी पिशवी उलटी केली. मी तिसरीत कोपरापर्यंत हात घातला. त्या पिशवीत आमच्या मजल्याच्या साहेबांच्या खोलीतला कचरा होता, फाडलेल्या कागदांचे ढीगच्या ढीग. त्या कपट्यांत मला रुमाल सापडला आणि रुमालात वरची प्लेट सापडली. खालची नव्हती. मी कपटे बाजूला करून एकेक बघत होतो, तेव्हा सहज वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत वार्ताहर उभा होता. त्याच्या कानाला फोन होता.

पाच मिनिटांत वॉचमन खाली आला. साहेबांनी लगेच बोलावलंय म्हणाला. मी वरची प्लेट रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकली, वर हात दाबून धरला आणि निघालो. बाहीला कागदाचे कपटे चिकटले होते. मजल्यावर शिरलो तेव्हा सगळे कीबोर्ड एकदम थांबले.

साहेबांनी मला आत घेऊन दार लावलं. मला वाटलं आता कचरा उपसल्याबद्दल पत्र मिळणार. पण साहेबच घाम पुसत होते. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि तो स्वतःच पिऊन टाकला. मग हलक्या आवाजात विचारलं, "सापडली?"

वार्ताहरानं इथपर्यंत पोचवलं तर. लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "वरची सापडली. खालची नाही."

साहेबांची नजर माझ्या खिशावर गेली. "वरची तुमच्या खिशात आहे?"

"हो."

"कोणाला बोललात?"

"घरी बायकोलासुद्धा माहीत नाही, साहेब." मावशींचं नाव मी घेतलं नाही. उगाच त्यांना कशाला अडकवायचं.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "चांगलं केलंत. तोंड बंदच ठेवा."

"तेच करतोय. दिवसाचे बावीस तास."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी विचारलं, मला नक्की काय हवंय. मी हात जोडून खरं ते सांगितलं. मला फक्त खालची हवी आहे, ती मिळाली नाही तर सगळं परत जुन्या जागेवर जाईल, आजवर भरलेलं वाया जाईल. माझा आवाज कापत होता. मला तो भीतीनं कापतोय हे माहीत होतं. साहेबांना तो रागानं कापतोय असं वाटलं असावं. कारण त्यांनी ड्रॉवरची किल्ली फिरवली, आतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"ही घ्या खालची," ते म्हणाले. "वरच्या यादीत माझी पगारवाढ आहे हे खरं आहे. पण ती मी मागितली नव्हती, देवाशपथ. मजल्यावर बोलू नका."

मी कागदाकडे पाहिलं. तीन नावं होती. पहिलं मावशींचं. दुसरं वॉचमनचं. तिसरं माझं.

दात, हप्ते, ओटा, सगळं एका क्षणात पुसलं गेलं आणि डोळ्यांपुढे फक्त पुढच्या महिन्याची पहिली तारीख उभी राहिली. साहेब काय समजून बसलेत, तेही मला तेव्हाच कळलं: वरच्या लोकांच्या पगारवाढीची फाडून टाकलेली यादी मी कचऱ्यातून काढली आहे आणि आता खालच्या, कमी करायच्या लोकांची मागतो आहे. खिशातला रुमाल उघडून दाखवायचा, की तिथेच प्रकरण संपलं असतं. माझा हात खिशाकडे गेलासुद्धा. साहेब घाईघाईनं म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. तुमचं नाव मी काढतो." आणि त्यांनी पेन घेऊन माझ्या नावावर रेघ मारली.

मी उठायला हवं होतं. दाराबाहेर पडून देवाचे आभार मानायला हवे होते. पण मला दिसत होतं की खाली त्या बाईनं माझ्या दातांसाठी दोन्ही हात कचऱ्यात घातले आहेत. मी शूर नाही. मला इतकी भीती वाटत होती, की मी फक्त बोट उचललं आणि पहिल्या नावावर ठेवलं. साहेबांनी ते नाव काढलं. मी बोट दुसऱ्यावर सरकवलं. त्यांनी तेही काढलं आणि म्हणाले, या मजल्यावर माणसं आधीच कमी आहेत असं मी वर कळवतो. हे होऊन महिना झाला. आम्ही तिघंही कामावर आहोत.

खाली गेलो तर मावशी पायरीवर बसल्या होत्या. त्यांना खालची प्लेट सापडली होती, पण मधोमध तडकलेली. आपल्याच चपलेखाली आली असेल म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. त्यांचं नाव कुठे होतं आणि कुठून निघालं, हे मला त्यांना सांगता आलं नाही. मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि जिवाचा धडा करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, कितवी जोडी. मी चौदावी म्हणालो. त्या म्हणाल्या, "ती तर उद्या बदलायचीच होती ना? पंधरावी घाला."

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. बायको दारातच उभी होती, डोळे सुजलेले. वार्ताहरानं त्याच्या बायकोला फोन केला होता आणि त्याच्या बायकोनं वर येऊन माझ्या बायकोला सांगितलं होतं. तिथपर्यंत येता येता बातमी अशी झाली होती, की मी ऑफिसच्या मागे बसून कचऱ्यातलं खात होतो.

टेबलावर माझी रिकामी डबी, बँकेचं पासबुक आणि ताटावर ताट झाकून ठेवलेलं जेवण. तिनं दुपारभर बसून सगळं जुळवलं होतं. बोलणं बंद, वजन उतरलेलं, बाथरूमची कडी, दर महिन्याला खात्यातून कुठेतरी जाणारे पैसे. ऑफिसात फोन करून विचारलं तर पतपेढी तीन वर्षांपूर्वीच बंद झालेली. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि शांतपणे म्हणाली, "नोकरी जाणार आहे का? की दुखणं मोठं आहे? जे असेल ते सांगा. ओट्याचं काही नाही, तो पाच वर्षं तसाच चालेल."

मोठं दुखणं असतं तर बरं, असं मला क्षणभर वाटून गेलं. मी सगळं सांगितलं. फिल्म, हप्ते, थाप, पिशव्या, यादी. शेवटी मी म्हणालो की पैसे खर्च झाले ते खरं, पण फरक खूप पडला आहे. आणि ओठ बाजूला करून दात दाखवले.

ती खुर्ची ओढून जवळ बसली. माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे फिरवलं, या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती खरोखरच काहीतरी शोधत होती.

"आधी कसे होते हो?" तिनं विचारलं.

बावीस वर्षांच्या संसारानंतर विचारलं. मी दोन बोटं एकमेकांवर चढवून दाखवली. तिनं बोटांकडे पाहिलं, मग परत दातांकडे.

"मग त्यात काय वाईट होतं?"

त्या प्रश्नाला आता महिना झाला. अजून दहा जोड्या बाकी आहेत.