मेश्रामकाकांची पावलं

आमच्या लेआउटमध्ये मेश्रामकाका चालत असले की त्यांना हाक मारायची नाही, असा अलिखित नियम होता. ते पावलं मोजत. कुणी हटकलं की आकडा विसरत आणि मुकाट्यानं आपल्या फाटकापर्यंत परत जाऊन एकपासून सुरुवात करत. आमचे हे मुद्दाम कोपऱ्यावर उभे राहून ‘जयभीम काका’ म्हणायचे. काकाही ‘जयभीम’ म्हणायचे, कपाळावर हात मारायचे आणि माघारी वळायचे. आम्ही हसायचो. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

काका जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. तिरोड्याच्या अलीकडे, धानाच्या बांध्या मोडून पाडलेल्या आमच्या लेआउटमध्ये त्यांचं घर आमच्या समोरच. जमीन मोजून झाली, आता माणसं मोजायला घेतली होती. कोण पायी कुठे जातं, कुठे जायला गाडी काढतं, सगळं एका जाड वहीत घरागणिक लिहिलेलं. शिवाय लेआउटचा नकाशा: चालणाऱ्यांची घरं हिरवी, न चालणाऱ्यांची लाल. आमचं घर लालभडक, आणि खाली शेरा, ‘दळणालेही स्कूटी.’ मी चिडले, तर शांतपणे म्हणाले, “दोष तुहा नाई बाई, जागेचा हाय.” दुकान हाकेवर असलं तर माणूस पायी जातो, सडकेपलीकडे असलं तर गाडी काढतो, आणि वाटच नसली तर घरी बसतो, असा त्यांचा सिद्धांत. भाजीवाल्यालाही ते तो ऐकवत. बिचारा वांगी तोलत ‘हाव, हाव’ म्हणायचा.

आमच्या प्लॉटच्या कडेनं एक पायवाट होती. तिच्यावरून बाया संध्याकाळी विहारात जात आणि मग तळ्याच्या पाळीवर गप्पा मारत बसत. मेश्रामकाकूही रोज जायच्या. सरकारी नकाशाप्रमाणे ती जागा आमची, म्हणून आम्ही कंपाउंडची भिंत घालायला काढली. काका वही घेऊन आले. या वाटेनं विहार दोनशे चाळीस पावलं, सडकेनं अकराशे, आणि सडकेवर ट्रक. “तीन फूट सोड बाई,” म्हणाले. मी विचारलं, नकाशात वाट आहे का? काकांनी मिशीवरून हात फिरवला, “नाई,” म्हणाले आणि निघून गेले. म्हातारा नको तिथे नाक खुपसतो, असं मी ह्यांना म्हटलं. भिंत झाली, चांगली सहा फुटी.

त्यानंतर काकू घरापुढच्या छपरीत बसलेल्या दिसू लागल्या. सडकेवरच्या ट्रकांची त्यांना धास्ती. गुडघे धरले, शुगर वाढली. काका हात धरून त्यांना अंगणात आंब्याभोवती फिरवत, पण चार फेऱ्यांत त्या कंटाळत. एकट्यानं गोल फिरण्यात काय मजा, गप्पांना बाया हव्यात ना! मला समोरून सगळं दिसत होतं. दिसूनही मी मनाला लागू दिलं नाही. तीन वर्षांनी काकू गेल्या.

महिनाभरानं मी डबा घेऊन गेले, तेव्हा काकांनी मोजणीचा जुना सरकारी नकाशा माझ्यासमोर पसरला.

“हा माह्याच हातचा हाय,” म्हणाले.

लेआउट पडायच्या आधी तेच मोजणीला आले होते, ऐन रोवणीच्या दिवसांत. वाटेवर घोटाभर पाणी होतं, लोक धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून जात होते. पायांचे ठसे दिसले नाहीत, म्हणून कागदावर लिहून दिलं, ‘वहिवाट नाही.’ गावात कुणाला विचारलंही नाही, परतीची गाडी धरायची होती. पुढे इथेच घर बांधलं, आणि काकू रोज त्याच वाटेनं जायला लागल्या.

“तुह्या दारी आलो तवाच सांगाले पाहिजे होतं, चूक माही हाय म्हणून,” ते म्हणाले. “जीभच नाई रेटली.”

चूक त्यांच्या कागदाची होती, पण भिंत माझी होती.

पुढच्याच आठवड्यात आम्ही ती फोडली. तीन नाही, पाच फूट. बाया पुन्हा तिकडून जायला लागल्या. काका मात्र सडकेनंच फिरून विहारात जात. एकदा मी त्यांना फाटकातच अडवलं. म्हटलं, काका, वाट मोकळी केली आहे, इकडून जा ना. त्यांनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

“तिच्यासाठी मांगतली होती बाई,” म्हणाले. “मी एकटा काऊन जाऊ तिकून?”