ताड पाडिला त्या दिवसाचे वर्तमान

श्री दर्याराज प्रसन्न असोत. प्रसन्न नसतील तर निदान निजलेले असोत. शके अठराशे सत्त्याण्णव, राक्षसनाम संवत्सर, आश्विन वद्य पक्षी आमचे राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. संवत्सराचे नाव ऐकूनच शहाण्याने सावध व्हावे, परंतु आमचेकडे पंचांग उघडतात ते भरती-ओहोटीपुरते, मग राक्षस कोण आणि देव कोण याची चौकशी करतो कोण!

राज्य म्हणावे तर अडीचशे उंबऱ्यांचे. पश्चिमेस दर्या, पूर्वेस डोंगर, डोंगरास मधोमध खिंड, दक्षिणेस खाजण, म्हणजे भरतीचे पाणी शिरते ती दलदल. नाव लिहीत नाही, लिहिले तर भांडायास येतील. मूळपुरुष कोठून आले हे कोणास ठाऊक नाही; वारा पडला तेथे उतरले आणि राहिले. आरमार पाच होड्यांचे. दर्याने बोंबील आणि जवळा द्यावा, तो वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या काठ्यांवर आणि खळ्यांत वाळवावा, आणि बायकांनी पाट्या डोक्यावर घेऊन खिंड चढावी, आणि पलीकडच्या गावांतून सुकटीच्या बदल्यात भात, मिरची, लाकूडफाटा घेऊन उतरावे, ऐसा पिढ्यान् पिढ्यांचा योगक्षेम. आणि राज्याचे वाटे दोन. ओल्या वाळूपासून पुढे पुरुषांचा अंमल, कोरड्या वाळूपासून मागे बायकांचा. बाईमाणसाने होडीत पाय ठेवू नये आणि पुरुषाने बाजारात तोंड घालू नये. तैसेच तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाराने, दर्यातल्या खुणा आपल्या मुलांचे कानात सांगाव्या, बायकोस सांगू नयेत. कां की बायको माहेरी जाणार आणि खुणा माहेरच्या होड्यांस कळणार. ही चाल बहुत शहाणपणाची म्हणून सर्व मिरवीत असत. आता तीच चाल अंगाशी कशी आली ते ऐकावे.

बायकांचे राज्यात त्या समयी मुख्य चांगुणाबाई, जोमा तांडेलाचे कुटुंब. बाई उंच, आवाज खणखणीत, खिंडीत बोलल्या तर खाजणात ऐकू यावे. त्यांचे ऐकण्याची सर्वांस सवय, आणि त्यांस सांगण्याची. त्या साली शहरातून एक बर्फवाला आला आणि बोलिला की, रोज सकाळी बर्फाची लॉरी थेट वाळूपर्यंत आणतो, ओली मासळी ओलीच उचलतो, मग खिंड चढणे नको आणि मानेची हाडे मोडणे नको. फक्त खिंडीतून वाळूवर उतरणाऱ्या वाटेचे वळणावर तो उंच ताड आहे, त्यापायी लॉरी वळत नाही. चांगुणाबाईंनी विचार केला. सासूची मान पाटीखाली वाकली ती तिरडीवरच सरळ झाली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ताड उभा कोरड्या वाळूत, तेव्हा अंमल बायकांचा. होड्या चार दिवसांच्या मोहिमेवर गेलेल्या, तेव्हा विचारावयाचे तरी कोणास, आणि कशास! घरात जाणते माणूस एक, सासरे पोशा म्हातारे, जुने तांडेल, ते तापाने फणफणून पडलेले. मग बाईंनी पहिला घाव स्वहस्ते घातिला आणि दोन दिवसांत ताड पाडिला. पडतेवेळी भुई हादरली आणि बायकांनी गूळ वाटिला. हाय रे कर्मा, गूळ वाटिला!

मोहिमेचे चौथे दिवशी दुपारी वारा एकाएकी पडला. वलांडीवरचे बोंबील हलेनात, कावळे खाजणाकडे निघून गेले, आणि नैऋत्येस आभाळ तव्याच्या बुडासारखे काळे जाहले. होड्या त्याच दिवशी परतावयाच्या. बायका मासळी आत घेऊ लागल्या. इतक्यात पोशा म्हातारे ताप उतरला म्हणून घोंगडी पांघरून काठी टेकीत बाहेर आले. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस ओळखू येत नसे, परंतु मोठी वस्तू कळे. नित्याचे जागी येऊन थांबले, मान वर केली, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले.

"ताड कुठं हाय गो?"

चांगुणाबाईंनी मोठ्या उमेदीने लॉरीची हकीकत सांगितली. म्हाताऱ्यांनी सारे ऐकून घेतले. मग जे कोणत्याही बाईस सात पिढ्यांत सांगितले नव्हते ते त्यांनी त्या भर दुपारी बायकांसमोर सांगितले. बंदराचे तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत, त्यांस दाढा म्हणतात. दाढांमधून वाट एकच, दोन होड्या जातील इतकी. बाहेरून येताना ताड नेमका खिंडीत उभा दिसला म्हणजे नाक तिकडे करावे आणि डोळे मिटून यावे. ताड खिंडीच्या जरा इकडे वा तिकडे, तर खाली खडक. आणि धुरकट पावसात ताड दिसला नाही तर तांडेल ताडच शोधणार. आणि दुसरा ताड आहे तो खाजणाकडे. तो खिंडीत धरून जो येईल तो सरळ दाढांत.

चांगुणाबाईंनी पडलेल्या ताडाकडे पाहिले. पंचवीस वर्षे त्या ताडाखाली बसून त्यांनी मासळी निवडली, त्याचे सावलीत मुलांस पाजले, परंतु पाण्यावरून तो कसा दिसतो हे पाहण्याचा योग कधी आला नाही. पाचही होड्यांवर मिळून चाळीस माणूस. आपला नवरा त्यात, धाकटा दीर हाशा, दुसऱ्या होडीचा तांडेल, तोही त्यात. तो हाशा, ज्यास लग्न होऊन आल्यावर त्यांनी कडेवर खेळविला आणि जो अजून घरात शिरताना आधी वहिनीचे टोपले उघडून पाही. एका बाईने रडणे आरंभिले. चांगुणाबाई तिजवर खेकसल्या की, रडायचे असेल ते उद्या रड, आज हात मोकळे ठेव.

मग मसलत जाहली. पडलेला ताड उभा करणे शंभर माणसांचे काम नव्हे, परंतु मोडक्या होडीची एक डोलकाठी वाळूत पडली होती. ती उचलून बुंध्यावर आणिली. पेट्यांतून लग्नातली तांबडी लुगडी काढिली आणि काठीस गुंडाळिली, वर दोन सोडून दिली. खड्डा खणावयास वेळ नाही, म्हणून शेंड्यास चार दोर बांधिले आणि एकेका दोरास दहा-दहा बायका लागल्या. बुडाशी स्वतः चांगुणाबाई काठीस मिठी घालून उभ्या राहिल्या. पोशा म्हाताऱ्यांनी बजाविले की, तू दर्याकडे पाहू नको, तू खिंडीकडे पाहा. काठी कलली तर तुला खिंडीवरून कळेल, आणि काठी कलली तर माणसे मेली. ऐसे करून बाईंची पाठ दर्याकडे जाहली, आणि पुढे जे घडले ते त्यांनी कानांनी पाहिले.

काठी अद्याप पुरती उभी नव्हती तोच वारा आला आणि पाऊस आडवा आला, आणि मागून बायका ओरडल्या की, एक होडी दिसली, खाजणाकडे नाक करून चालली आहे. चांगुणाबाईंनी विचारिले, कोणाची? कोणी उत्तर देईना. त्यांनी पुन्हा विचारिले. शेजारी म्हाताऱ्यांनीही विचारिले, "कोणाची गो?" तरी कोणी बोलेना, आणि न बोलण्यावरून दोघांस कळले की होडी आपल्याच घरची आहे; आणि जोमा जुना, असा फसणार नाही, म्हणजे हाशाचीच. बाईंनी मान वळविली नाही. मान वळविती तर काठी हालती. दातांखाली ओठ धरिला आणि खिंडीकडे पाहात राहिल्या, आणि मनात एकच की, हाशा, वळ रे बाबा, मागे वळ.

काठी उभी जाहली. दोर ओले होऊन हातांची साले निघू लागली. एक बाई पडली तर दुसरीने तिची जागा धरिली. बराच वेळ काही नाही, नुसता दर्याचा आवाज. मग मागून ओरड आली की, एक आली, सरळ येते आहे, आत आली. मग दुसरी. मग तिसरी. आत आलेले पुरुष धावत येऊन दोर धरू लागले, आणि बायका त्यांस हात लावू देईनात, कां की जमलेला ताण हाताच्या बदलाने सुटेल. मग पुन्हा काही नाही. दिवस मावळतीस लागला. कोणी म्हणाले की आता सोडा. चांगुणाबाई बोलिल्या की, जो सोडील त्याचे तोंड मी जन्मात पाहणार नाही.

अगदी दिसेनासे होण्याच्या बेतास जोमा तांडेलाची होडी आली. काठ पाण्याला टेकलेले, कां की तीत दुप्पट माणसे. हाशाची होडी दाढांवर फुटलेली त्यांनी बाहेरून पाहिली होती, आणि आत यायचे सोडून लाटांत घिरट्या घालून तीवरचे एकेक माणूस ओढून घेतिले होते. आठांपैकी सात घेतिले. जोमा वाळू चढून आले ते बुंध्याशी उभे राहिले, काठीकडे पाहिले, लुगड्यांकडे पाहिले.

"हाशा नाय घावला," ते बापास म्हणाले. मग विचारिले, "ताड कोनी तोडला?"

चांगुणाबाईंचे हात काठीवरून सुटत नव्हते, बोटे आखडली होती. त्या म्हणाल्या, "मी."

जोमा पुढे आले. सर्वांस वाटले की आता हात उगारतील. त्यांनी एकेक करून बायकोची बोटे सोडविली आणि बोलिले, "मी तुला सांगला नव्हता."

पोशा म्हातारे घोंगडीत तोंड घालून म्हणाले की, मीही माझे बायकोस सांगितले नव्हते.

पुढे बर्फाची लॉरी आली ती वळणाअलीकडेच उभी केली, कां की ताडाचे जागी आता खांब यावयाचा होता. तेथवर दोनशे पावले पाट्या अद्याप डोक्यावरच जातात. बुंध्याजवळ सागाचा खांब रोविला, तांबडा रंगविला. हाशाच्या तेराव्यानंतर चांगुणाबाई आपण होऊन ओली वाळू ओलांडून होडीत बसल्या, आणि कोणी नको म्हटले नाही. जोमांनी त्यांस दाढांबाहेर नेऊन होडी फिरविली आणि खांब खिंडीत धरून दाखविला. बाईंनी पाहिले. मग खाजणाकडचा ताडही पाहिला, आणि तेथे मात्र ढसाढसा रडल्या. तेव्हापासून आमचे राज्यात नवी सून आली की चुलीपाशी जाण्याआधी तिला होडीत घालून बाहेर नेतात आणि तिचे घर पाण्यावरून दाखवितात. माहेरी सांगेल तर सांगो.

सारांश, ताड गेला, होडी गेली, हाशा गेला. बाकी राज्य सुरक्षित आहे आणि आभाळ भरून आले की अद्याप भिते. लिहिण्यात काही चुकले असेल ते वाचणाराने पाण्यावर जाऊन, किनाऱ्याकडे तोंड करून, मग दुरुस्त करावे.